वेठ आणि बिगार : नागोठण्याच्या पुलाच्या निमित्ताने

मराठीत जुन्या वास्तूंविषयी जे लिहिले जाते त्यात दगड कमी आणि अभिमान जास्त असतो. वास्तू आपली असेल तर ती वैभवाची साक्षीदार, परक्याची असेल तर आक्रमणाची खूण. या दोन शिक्क्यांपलीकडे तिसरा शिक्का आपल्या प्रस्थापित लेखकांच्या पेटीत नाही. मुसलमानी अमदानीतील इमारतींच्या बाबतीत तर प्रश्न आणखी सोपा करून टाकलेला असतो. बिबीचा मकबरा, गोलघुमट यांच्यापुढे पर्यटक म्हणून उभे राहायचे. गावोगावचे हौद, हमामखाने, कबरी, पूल मात्र काळाच्या आणि कंत्राटदाराच्या स्वाधीन करायचे.

प्रस्तुत लेख अशाच एका पुलाविषयी आहे. तो आमच्या रोहा तालुक्यात, नागोठणे येथे अंबा नदीवर आहे. मी पेणला राहतो आणि रोह्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. नागोठणे माझ्या रोजच्या वाटेवर आहे. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. तेव्हा 'आपला वारसा' हा शब्द मी पाठ्यपुस्तकात वाचला, घरात ऐकला नाही. घरात ऐकला तो शब्द वेठ. या लेखात त्या शब्दाचे काम पडणार आहे.

पुलाची माहिती सांगायला थोडी आहे, पण ती पक्की आहे. चौलचे काझी अलाउद्दीन यांनी सुमारे १५८२ साली तो बांधला. खर्च तीन लाख रुपये. लांबी ४८० फूट, उंची १९ फूट, आणि दोन कठड्यांमधली रुंदी जेमतेम पावणेदहा फूट. एका वेळी एकच गाडी जाईल एवढी. हा मुलूख तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत होता आणि गादीवर पहिला मुर्तजा निजामशहा होता (१५६५ ते १५८८). याच मुर्तजाने १५७०-७१ मध्ये पोर्तुगिजांच्या चौलला वेढा घातला होता आणि हात हलवीत परतला होता. नागोठणे म्हणजे अंबेच्या खाडीचे वरचे टोक. घाटावरचा माल येथे उतरायचा, होड्यांत चढायचा. अशा ठिकाणी पूल बांधणे हे राज्याच्या सोयीचे होते, व्यापाराच्या सोयीचे होते, आणि इस्लामी परंपरेत ते पुण्यकर्मही होते. विहीर, पूल, सराई बांधणाऱ्याला तो मेल्यानंतरही पुण्य मिळत राहते अशी ती श्रद्धा आहे.

आता या पुलाला लोक काय म्हणतात पाहा. कोणी 'मोगलकालीन पूल' म्हणतो, कोणी 'शिवकालीन'. शिवरायांचा जन्म १६३० चा, म्हणजे पूल त्याआधी अर्धे शतक उभा होता. मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला तो १६०० साली. १५८२ मध्ये येथे मोगलांचा काही संबंध नव्हता. दोन्ही नावे चुकीची आहेत, पण दोन चुका एका जातीच्या नाहीत. जे चांगले दिसते ते शिवकालीन म्हणून आपल्या नावावर चढवायचे, आणि जे चढवता येत नाही ते मोगलांच्या नावावर टाकायचे, अशी ही वाटणी आहे. मराठी पांढरपेशाला मुसलमान म्हटला की मोगल आठवतो. निजामशाही, आदिलशाही, सिद्दी, कोकणी मुसलमान ही सगळी वेगवेगळी माणसे तो एका शब्दात कोंबतो. आम्हाला ही रीत चांगली ओळखीची आहे. गावकुसाबाहेरच्या महार, मांग, चांभार, ढोर यांनाही गावाने असेच एका शब्दात कोंबले होते. ज्याला नावाने ओळखायचे नसते त्याला जातीने ओळखले म्हणजे काम भागते.

आणि 'आक्रमणाची खूण' हे तरी कोठवर खरे? चौलचे जुने नाव सैमूर. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल्-मसूदी तेथे आला तेव्हा त्याने तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे नोंदवले आहे. राज्य राष्ट्रकूटांचे होते. म्हणजे या किनाऱ्यावर नमाज तलवारीच्या आधी गलबतातून आला. कुलाब्याच्या मुसलमानी वास्तूंचा विचार दिल्लीच्या वास्तूंच्या मापाने करता येत नाही तो यासाठी. येथे मिनारापेक्षा धक्का, हमामखाना आणि पूल महत्त्वाचे आहेत. त्या वापराच्या वास्तू आहेत. त्यांच्यापुढे कोणी हात जोडत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कोणी मोर्चाही काढत नाही.

पण येथे थांबलो तर मीही त्याच अभिमानाच्या लेखकांच्या रांगेत जाऊन बसेन. फक्त माझा अभिमान दुसऱ्याच्या बाजूचा असेल, एवढेच. दलित साहित्याने मराठी समीक्षेला एक प्रश्न विचारायला शिकवले. हे कोणाच्या श्रमावर उभे आहे? तो प्रश्न देवळाला विचारायचा आणि मशिदीला, पुलाला विचारायचा नाही, असे होणार नाही.

१८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात काझींचे नाव आहे, तीन लाखांचा आकडा आहे, फूट आणि इंच आहेत. दगड फोडणारा नाही. चुना भाजणारा नाही. डोक्यावरून पाट्या वाहणारी बाई तर नाहीच. इंग्रज साहेबाने कठड्यांमधली रुंदी इंचापर्यंत मोजली. परंतु पावणेदहा फुटांच्या त्या पुलावर समोरून गाडी आली म्हणजे कोण अंग चोरून कठड्याला चिकटत असेल, हे मोजायचे माप त्याच्याजवळ नव्हते.

आमच्या वाडवडिलांना हा पूल लागत असे तो वेठीसाठी. सरकारी माणूस आला की त्याचे बोचके पुढच्या गावापर्यंत पोहोचवायचे, सारा जाताना सोबत चालायचे, सांगावे न्यायचे. निजामशाही गेली, आदिलशाही गेली, मराठे आले, इंग्रज आले, डोक्यावरचे ओझे तसेच राहिले. १९५८ च्या कायद्याने महारवतने खालसा झाली तेव्हा कोठे ते कागदोपत्री उतरले.

या प्रथेला मराठीत जो शब्द आहे तो नीट पाहण्यासारखा आहे. वेठबिगार. त्यातली 'वेठ' संस्कृत 'विष्टि'पासून आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ती आहे, जुन्या राजांच्या ताम्रपटांत ती आहे. 'बिगार' फारसी आहे. एका अर्थाचे दोन शब्द शेजारी बसवून भाषेने एक शब्द केला. संस्कृत बोलणारा राजा गेला आणि फारसी लिहिणारा आला, तेव्हा पुष्कळ गोष्टी बदलल्या. महसुलाची भाषा बदलली, इमारतीची कमान बदलली. फुकट राबवून घेण्याच्या बाबतीत मात्र दोघांचे इतके एकमत होते की त्यांचे शब्दसुद्धा एकमेकांना चिकटले. इतिहासाच्या ज्या पुस्तकांत हिंदू-मुसलमान संघर्षाची पानेच्या पाने आहेत, त्यांत या एका जोडशब्दाइतका प्रामाणिक दाखला मला सापडलेला नाही.

म्हणून पुलाचे जतन व्हावे असे जेव्हा मी म्हणतो तेव्हा ते काझी अलाउद्दीन यांच्या कीर्तीसाठी म्हणत नाही आणि सर्वधर्मसमभावाच्या पुण्यासाठीही म्हणत नाही. पूल हा पुरावा आहे. ज्यांच्या नावाचा कागद नाही त्यांचा दगडात उरलेला एवढाच कागद. आणि पुरावा नष्ट झाला की फायदा कोणाचा होतो हे आम्हाला कोणी सांगायला नको.

साहित्यात असे झालेले आहे. बोस्नियात विशेग्राड येथे द्रिना नदीवर उस्मानी वजीर मेहमेद पाशा सोकोलोविच याने बांधवलेला दगडी पूल आहे. तो १५७७ च्या सुमाराचा, म्हणजे आमच्या नागोठण्याच्या पुलाचा चार-पाच वर्षांनी वडील भाऊ. त्याच्यावर इव्हो आंद्रिच यांनी १९४५ मध्ये 'द्रिनावरील पूल' ही कादंबरी प्रसिद्ध केली. १९६१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पूल बांधणारा वजीर स्वतः त्याच मुलखातल्या ख्रिस्ती घरातून लहानपणी कर म्हणून उचलून नेलेला. कादंबरीत गावोगावचे शेतकरी बिनमजुरीने बांधकामावर जुंपले जातात आणि काम उधळू पाहणाऱ्याला सुळावर चढवले जाते. तोच पूल पुढे शेकडो वर्षे त्या गावाची बसायची-बोलायची जागा होतो. आंद्रिच यांनी पूल गोंडस केला नाही आणि पाडलाही नाही. त्यांच्या तुर्कांच्या चित्रणावर पुष्कळ आक्षेप घेतले गेले, आणि ते आक्षेप मोडीत काढण्यासारखे नाहीत. त्याच पुलावर १९९२ मध्ये मुसलमानांची कत्तल झाली. जवळच्या मोस्तारचा १५६६ चा पूल तर नोव्हेंबर १९९३ मध्ये तोफा डागून पाडला गेला. तो २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. तरीही हे कबूल केले पाहिजे की पूल आणि वेठ या दोन गोष्टी एकाच कादंबरीत मावतात हे आंद्रिच यांनी दाखवून दिले. आमच्याकडे ऐतिहासिक कादंबऱ्यांचे गठ्ठे आहेत. त्यांत घोडी आहेत, तलवारी आहेत, वाड्यातले हुंदके आहेत. बिगारी नाही.

हा दोष फक्त प्रस्थापितांच्या माथी मारून मला मोकळे होता येणार नाही. आपल्या साहित्याकडेही बोट दाखवले पाहिजे. रोह्याहून मुरूड एका एस.टी.च्या अंतरावर आहे. समोर समुद्रात जंजिरा. राम पाटील कोळ्याचा मेढेकोट जेथे होता तेथे निजामशाहीच्या काळात दगडी किल्ला उभा राहिला. पुढे तो सिद्द्यांचा झाला आणि १९४८ पर्यंत त्यांच्याच राज्यात राहिला. हे सिद्दी म्हणजे हबशी, आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आलेले. त्यांतले कितीतरी बाजारात विकले गेलेले गुलाम होते. औरंगाबादचे, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरचे, जुने खडकी हे नगर १६१० मध्ये वसवणारा आणि त्याला नहरीने पाणी देणारा मलिक अंबरही असाच विकला गेलेला हबशी मुलगा.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी काळ्या अमेरिकनांच्या चळवळीवरून पँथर हे नाव घेतले. समुद्रापलीकडच्या काळ्या माणसाशी आपण नाते जोडले आणि ते योग्यच केले. पण आपल्याच जिल्ह्यातल्या काळ्या माणसाविषयी आपण काय लिहिले? किल्ल्यांवरच्या मराठी पुस्तकांत जंजिऱ्याचा सिद्दी कपटी आणि क्रूर असतो. आपण ते वाचले आणि पुढचे पान उलटले. मुरूडजवळ खोकरी येथे सिद्दी सरदारांच्या तीन दगडी कबरी आहेत. सिद्दी खैरियतखान, सिद्दी कासीम आणि सर्वांत मोठी सिरुलखानाची. घुमट, कोरीव जाळ्या, नक्षी. गुलामांच्या वंशातल्या माणसाने स्वतःसाठी एवढी कबर उभी करणे ही साधी गोष्ट नाही. मात्र जंजिरा संस्थानाने सिरुलखानाच्या कबरीच्या खर्चासाठी सावली-मिठागर गावाचे उत्पन्न लावून दिले होते, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. घुमटावर गवत उगवू नये म्हणून एक गाव राबत होते. गुलाम राजा झाला आणि त्याने दुसऱ्याला बिगारीला धरले. हे लिहिण्याची ताकद आपल्याच लेखकाजवळ आहे, कारण त्याला गुलामाचीही बाजू ठाऊक आहे आणि बिगाऱ्याचीही.

कोणी विचारील, आणि आमच्यातलेच पुष्कळ विचारतात, की आपण मुसलमानांच्या इमारतींची काळजी का वाहावी? आपली बुद्धलेणी पडून आहेत, विहारांना छप्पर नाही. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उपकाराच्या भाषेत देण्याचा एक मार्ग आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरायची होती तेव्हा कोणी हिंदू जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. त्याच जागेवर २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. आमच्या जिल्ह्याने हे विसरता कामा नये. पण उपकाराच्या भाषेवर माझा विश्वास नाही, कारण तिला लगेच उलटा दाखला देता येतो.

तो दाखला बाबासाहेबांनीच लिहून ठेवला आहे. १९३४ साली ते सुमारे तीस सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचा महिना होता. प्रवासाची धूळ अंगावर होती, दरवाज्याशी तुडुंब भरलेला हौद होता; काहींनी त्यावर हातपाय धुतले. थोड्याच वेळात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. आम्ही मुसलमान झालो असतो तर तुम्ही आम्हाला अडवले असते काय, असे बाबासाहेबांनी विचारल्यावर ती माणसे गप्प झाली. अखेर किल्ला पाहू दिला तो आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. हे टिपण त्यांच्या पश्चात १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले.

आता सांगा, तो हौद जपायचा की नाही? माझे मत असे की तो डोळ्यांत तेल घालून जपला पाहिजे. महाडचे चवदार तळे जसे आपले आहे तसाच दौलताबादचा हौदही आपला आहे, कारण त्याच्या काठावर आपल्याला काय सोसावे लागले हे लिहिलेले आहे. मात्र मग त्या हौदाची माहिती सांगताना १९३४ साल गाळता येणार नाही. बांधणाऱ्याचे नाव आणि बाटवणाऱ्याचा ठपका, दोन्ही एका पाटीवर आले पाहिजेत. वास्तू जपायची आणि तिच्यावर काय घडले ते पुसायचे, हे जतन नव्हे, ती रंगरंगोटी आहे.

जतनाचा कायदा आणि रोजचा व्यवहार यांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार केंद्र-संरक्षित वास्तूभोवती १०० मीटर जागेत नवे बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय काही करता येत नाही. कायदा हेतूने चांगला आहे. पण पडक्या तटाच्या कडेला घर कोण बांधतो? ज्याला गावात जागा नाही तो. दिल्लीत ३० एप्रिल २०२३ रोजी तुघलकाबादच्या किल्ल्याच्या आवारातील शेकडो घरे पुरातत्त्व खात्याने पाडली. न्यायालयाचा आदेश होता, अतिक्रमण होते, सर्व काही कायदेशीर होते. चौदाव्या शतकातल्या सुलतानाच्या तटाला एकविसाव्या शतकातल्या मजुरापासून वाचवण्यात आले. असले जतन आपल्याला मान्य होणार नाही. नागोठण्याला किंवा चौलला उद्या कोणी पाटी घेऊन आला तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की शेजारच्या झोपड्यांचे काय?

दुसरा प्रश्न चुन्याचा. कोकणातला जुना चुना पुष्कळदा शिंपल्या भाजून केलेला असतो. तो दगडापेक्षा मऊ असतो, ओल शोषतो आणि सोडतो. हल्ली जुन्या बांधकामाच्या भेगांत सिमेंट भरतात. सिमेंट कठीण, ते ओल बाहेर पडू देत नाही, मग ओल दगडातून वाट काढते आणि काही पावसाळ्यांत दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. वरून दुरुस्ती दिसते, आतून वास्तू सडते. पिंपळाची मुळे तोडून वर गिलावा केला की बिल निघते. मूळ आतच राहते. हे कोणी शहाण्या वास्तुतज्ज्ञाने शोधून काढलेले नाही. चुना भाजणाऱ्याला, पाथरवटाला, वडाराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांची विद्या जातीला चिकटलेली म्हणून तिला विद्या म्हटले गेले नाही. आज ती जाणणारी म्हातारी माणसे खडी फोडतात आणि निविदा भरतो सिमेंटचा ठेकेदार. जतनाचे काम निघाले तर चुना मळणाऱ्याला रोजंदारीवरचा हमाल न म्हणता कारागीर म्हणून वेतन मिळाले पाहिजे आणि कामाच्या नोंदीत त्याचे नाव आले पाहिजे. काझींचे नाव साडेचारशे वर्षे टिकले. याचे निदान एका रजिस्टरात तरी टिकावे.

नागोठण्याचा पूल उभा आहे. १९८९ च्या जुलैत याच अंबेने जांभूळपाडा धुऊन नेला. आता भोवताली कारखाने आहेत, महामार्गाचे रुंदीकरण आहे, रोह्याच्या बाजूला धाटावची औद्योगिक वसाहत आहे. पावणेदहा फुटांचा पूल या वाहतुकीच्या काही उपयोगाचा नाही आणि तो तसा वापरूही नये. निरुपयोगी झालेली वस्तू सांभाळायची तर ती काय सांगते हे आधी विचारावे लागते.

म्हणून गेल्या वर्षी मी आमच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक काम दिले. पुलाच्या आसपासच्या वस्त्यांत जायचे, म्हाताऱ्या माणसांना भेटायचे, पुलाविषयी ती जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरवून आणायचे. निम्म्या मुलांनी गुणांसाठी केले, ते दिसतेच. पण एका बौद्ध वस्तीतून एका मुलीने आणलेली टिपणे मी दोनदा वाचली. म्हाताऱ्या बाबांनी तिला सांगितले, "माझा आजा सायबाचा सामान घेऊन वाकनपर्यंत जायचा. समोरनं गाडी आली का कठड्याला पाठ लावून हुबा ऱ्हायचा. खाली बघू नको म्हनायचा." तिने विचारले, पूल कोणी बांधला? बाबा म्हणाले, "काजीनं बांधला म्हंतात. पन काजी काय दगड उचलनार हाय?" एका कोकणी मुसलमान घरातल्या आजींनी दुसऱ्या मुलाला काझींची दुवा घ्यायला जुनी माणसे पुलावर थांबत असे सांगितले. दोन्ही टिपणे मी एकाच फाइलीत लावली आहेत.

वह्या सध्या विभागाच्या कपाटात आहेत. पुढच्या वर्षी अष्टमी आणि चौलच्या बाजूची गावे घ्यायची आहेत.